नग्गरचा राजवाडा

हिमाचल प्रदेशातील कुलूच्या खोऱ्यात, बियास नदीच्या डाव्या तीरावर सुमारे ६,००० फूट उंचीवर नग्गर हे गाव वसले आहे. एके काळी ही कुलूच्या राजांची राजधानी होती. सतराव्या शतकात राजा जगतसिंहाने ती सुलतानपूरला हलविली. राजवैभव गेले, पण राजवाडा राहिला.

त्याचे हे राहणे सामान्य नव्हे. ४ एप्रिल १९०५ रोजी प्रातःकाळी कांगड्याची भूमी हादरली. सुमारे २०,००० माणसे मृत्युमुखी पडली. कांगड्याचा बलाढ्य किल्ला उद्ध्वस्त झाला, वज्रेश्वरीचे मंदिर कोसळले. तो धक्का कुलूलाही बसला. परंतु नग्गरचा वाडा उभाच राहिला.

याचे रहस्य त्याच्या भिंतींत आहे. या बांधणीला तेथे 'काठकुणी' म्हणतात. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अंगास देवदाराच्या दोन समांतर तुळया घालावयाच्या, मधली पोकळी दगडांनी भरावयाची, त्यावर दगडांचा थर रचावयाचा आणि पुन्हा तुळया. कोपऱ्यावर या तुळया एकमेकींत गुंतवितात. चुना नाही, सिमेंट नाही. भूकंपात हे सुटे दगड किंचित सरकतात व धक्क्याचा जोर आपसांतील घर्षणात जिरवितात. तुळया त्यांना विखरू देत नाहीत. ताठ भिंत मोडते, ही डोलते आणि सावरते.

गावातील जुनी घरेही याच रीतीची. तळाशी गुरे, वर माणसे. गुरांची ऊब हिवाळ्यात वरच्या मजल्याला मिळते. सर्वांत वर पुढे आलेला लाकडी सज्जा आणि पाटीच्या दगडाचे जड छप्पर.

मात्र भूकंपापासून तारणारे लाकूड अग्नीला भक्ष्य असते. नग्गरच्या डोंगरापलीकडील मलाणा गावाचा मोठा भाग जानेवारी २००८ मध्ये जळाला. शिवाय देवदारही दुर्मीळ झाला. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या स्लीपरांसाठी हिमालयातील देवदार अमाप तुटला. पुढे उरलेल्या वनांवर निर्बंध आले. म्हणून नवी घरे सिमेंटची होत आहेत, आणि त्यांतील कितीतरी भूकंपाचा विचार न करताच उभी राहतात.

राजवाडा १९७८ साली पर्यटन महामंडळाकडे गेला. त्याची निगा राहील. पण काठकुणीची विद्या ग्रंथांत नव्हे, मिस्त्रींच्या हातांत वसते. घरे बांधली गेली नाहीत, तर ते हात रिकामे राहतील. आणि डोंगर तर पुन्हा हादरणारच आहे.