कावसजीचं नाक आणि माझं

माझ्या कपाळावर भुवईपासून वर केसांपर्यंत गेलेली उभी रेघ पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल. मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी अतिशय संकोचाने विचारलं, "सर, पडलात का कुठे?" पडलो नाही. माझ्या नाकाचा डावा निम्मा भाग कपाळाचा आहे. त्यामुळे आजचा विषय इतिहासाचा असला तरी मी त्यात तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नाकावर एक फोड होती, बरी होईना. तो त्वचेचा कर्करोग निघाला. जिवाला फारसा धोका नसलेला, पण मुळासकट काढावा लागणारा. काढल्यावर उरणाऱ्या खड्ड्याचं काय, यावर सर्जननी दोन मार्ग ठेवले. एक, चष्म्याला जोडून वापरायचं सिलिकॉनचं नाक. सकाळी लावायचं, रात्री काढून ठेवायचं. दुसरा, कपाळाची कातडी वळवून आणि कानातली कूर्चा घेऊन नवं नाक घडवायचं. चाळीस वर्षं मुलांना 'स्व' आणि 'पर' शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न इतक्या ढोबळपणे विचारला जाईल असं वाटलं नव्हतं. मी आठ दिवस मागून घेतले, आणि सवयीप्रमाणे वाचत बसलो.

हा वाद जुना आहे. टायको ब्राहे हा डेन्मार्कचा थोर ज्योतिर्विद. 1566 साली रोस्टॉकला तलवारीच्या द्वंद्वात त्याच्या नाकाचा काही भाग गेला. पुढे जन्मभर तो धातूचं नाक लावत असे आणि चिकटवायच्या लेपाची डबी जवळ बाळगत असे. लोक म्हणायचे, नाक सोन्याचं, चांदीचं. 2010 साली त्याचं थडगं उघडलं तेव्हा हाडावर तांब्याचे आणि जस्ताचे अंश मिळाले. म्हणजे पितळ! निदान रोजच्या वापरातलं नाक तरी पितळेचं असावं.

त्याच काळात इटलीत बोलोन्याला गास्पारे तालियाकोत्सी दंडाची कातडी वापरून नाकं करत होता. ती दंडापासून पूर्ण न तोडता नाकाला शिवायची आणि हात तसाच डोक्याशी बांधून माणसाला सुमारे तीन आठवडे ठेवायचं. 1597 साली त्याचा ग्रंथ आला. त्यानंतर युरोपात एक कथा पसरली. ब्रुसेल्सच्या एका माणसाने बोलोन्यात हमालाच्या दंडाच्या मांसाचं नाक करून घेतलं. काही काळाने ते गार पडून गळालं, आणि चौकशी केली तर नेमका तेव्हाच हमाल वारलेला. गोष्ट अर्थातच खोटी आहे. तालियाकोत्सी स्वतः परक्याचं मांस वापरण्याच्या विरुद्ध होता. पण त्या काळी लोकांना काय वाटत होतं ते तिच्यातून कळतं. शरीर आपला मालक विसरत नाही, असं त्यांना वाटत होतं. आज प्रत्यारोपण करणारे डॉक्टर 'प्रतिकारशक्ती' म्हणतात ती गोष्ट वेगळी, पण शंका तीच.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. 1792 साली संपलेल्या म्हैसूरच्या युद्धात कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकत होता. (नाव पारशी वाटतं खरं, पण वृत्तांतात तो शेतकरी जातीचा मराठा म्हणूनच येतो.) तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. नाक कापणं हा आपल्याकडे वाक्प्रचार होण्याआधी दंड होता, हे आपण विसरतो. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर ते बघायला हजर होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे चित्रासह छापून आलं.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या ठुंठावर दाबून मापाला बसवायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ काढायची. तेवढी कातडी सोलायची, मात्र दोन डोळ्यांमधली एक पट्टी तोडायची नाही. मग कातडी पीळ देऊन खाली वळवायची, कडा खाचेत बसवायच्या, वर काथाच्या लेपाची पट्टी. पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. ईथरची भूल यायला अजून अर्धं शतक होतं, हे लक्षात घ्या.

सुश्रुताने गालाची कातडी पानाच्या मापाने घ्यायला सांगितली आहे, आणि श्वासासाठी दोन नळ्या बसवायला. पुण्यातल्या कारागिराने कपाळ निवडलं. बदल लहान दिसतो, पण कपाळाची कातडी जाड, तिला रक्तपुरवठा भरपूर, आणि व्रण पुढे पुसट होतो. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने हा वृत्तांत वाचून आधी प्रेतांवर सराव केला, 1814 साली पहिली शस्त्रक्रिया केली आणि 1816 साली त्यावर पुस्तक लिहिलं.

कृत्रिमाची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर तो अभिमानाचा पोवाडा होईल. बसकं नाक उचलायला विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या गेर्सुनीच्या पद्धतीने पॅराफिन टोचू लागले. पाच मिनिटांत नाक सरळ! पुढे ते मेण सरकलं, गाठी झाल्या. मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकनच्या चेहऱ्याची त्यानेच दुर्दशा केली. हस्तिदंतही वापरून झाला. सिलिकॉन मात्र या पंक्तीत बसवता येत नाही. कोरिया, जपानमध्ये नाकाचा दांडा उंच करायला ते कित्येक दशकं वापरतात, आणि पुष्कळांना त्रास होत नाही. फासळी कापावी लागत नाही, माप हवं तसं मिळतं, ऑपरेशन आटोपशीर. उलट फासळीची कूर्चा घेतली तर छातीवर व्रण, दुखणं, आणि ती कालांतराने वाकण्याची खोड. 1958 साली गिब्सन आणि डेव्हिस यांनी दाखवलं की कूर्चा सर्व बाजूंनी समतोल कोरली तर वाकणं कमी होतं. म्हणजे 'आपलं' असलं म्हणून ते आपलं ऐकेलच असं नाही.

मग फरक कुठे आहे? मी तो 'स्व' आणि 'पर' यांत शोधत होतो. सर्जन म्हणाले, "सर, रक्तात शोधा." कपाळाची कातडी आपलं रक्त बरोबर घेऊन येते. कूर्चेला रक्त फार थोडं लागतं, भोवतालच्या मांसातून तिचं भागतं. आत बसवलेलं सिलिकॉन मरत नाही, कारण ते कधी जगतच नव्हतं. पण त्यावर जंतू चिकटून बसले तर ना रक्त तिथे पोचतं ना औषध. बहुधा ते काढावंच लागतं. वरची कातडी पातळ वा ताणलेली असेल तर वर्षांनीही ते बाहेर डोकावू शकतं. चष्म्याच्या नाकाला ही भीती नाही. उलट रोग परत उगवला तर ते काढून लगेच बघता येतं. माझ्या वयाला तेच सोयीचं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. पण आमच्या सौ. म्हणाल्या, "रात्री तुम्ही ते काढून टेबलावर ठेवणार आणि मी सकाळी चहा तिथेच ठेवणार का?" युक्तिवाद म्हणून याला फारसा अर्थ नाही. पण मी कपाळ निवडलं.

ऑपरेशनच्या दिवशी भूल चढण्याआधी पाहिलं. सर्जन टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाची चंदेरी पन्नी कापून माझ्या नाकावर दाबत होते. मग ती कपाळावर ठेवून शाईने रेघ काढली. तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत मांसाची दोरी लोंबत होती. नातवाने मला 'गणपतीआजोबा' म्हणून घेतलं. बाविसाव्या दिवशी ती कापली. डाव्या नाकपुडीतून श्वास अजून अरुंदच येतो. शिवाय पट्टी केसांच्या रेषेपर्यंत घ्यावी लागली होती, त्यामुळे नाकाच्या शेंड्यावर केस उगवतात. कपाळाला वाटतं, आपण अजून कपाळच आहोत. आठवड्यातून एकदा मी नाकाची दाढी करतो.

त्या वृत्तांतात कावसजीचं नाव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची आहेत, चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचं आहे. विटा करणाऱ्याचं नाही. चित्रातला कावसजी मुंडासं बांधून समोर बघतो आहे, कपाळावर व्रण आहे, आणि नाक चांगलं जाड, किंचित बसकं, पण त्याचं त्याला बसलेलं दिसतं. ऑपरेशनला तेव्हा दहा महिने झाले होते.