लघु व मध्यम उद्योगांची स्पर्धाशक्ती : नवोन्मेष आणि सहकार्य (विचुंबे–पनवेल परिसर)

लघु व मध्यम उद्योगांची स्पर्धाशक्ती : मर्यादित भांडवल व मोजके मनुष्यबळ असलेल्या उद्योगांची मोठ्या कंपन्यांपुढे आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालापुढे टिकून राहण्याची क्षमता. ती मुख्यतः दोन गोष्टींवर उभी असते. पहिली म्हणजे माल, तो बनवण्याची रीत किंवा विक्रीची पद्धत यांत सतत होणारी सुधारणा, म्हणजेच नवोन्मेष. दुसरी म्हणजे इतर उद्योजक, ग्राहक, पुरवठादार, संघटना व शिक्षणसंस्था यांच्याशी असलेले सहकार्याचे जाळे. छोट्या उद्योगाला संशोधन विभाग परवडत नाही. त्याच्याकडे नवी कल्पना येते ती बहुधा याच जाळ्यातून. प्रस्तुत नोंदीत हा विषय रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यातले विचुंबे व त्याभोवतीचा प्रदेश समोर ठेवून मांडला आहे आणि महाराष्ट्रातील अन्य उद्योगसमूहांचे दाखले जोडले आहेत.

व्याख्या व वर्गवारी : भारतात या उद्योगांची व्याख्या ‘सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६’ नुसार ठरते. २०२० पासून वस्तुनिर्माण व सेवा या दोन्ही क्षेत्रांना एकच निकष लागू असून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल अशा दोन्ही मर्यादा पाहिल्या जातात. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित मर्यादा अशा : सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक २.५ कोटी व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत. लघुउद्योगासाठी २५ कोटी व १०० कोटी. मध्यम उद्योगासाठी १२५ कोटी व ५०० कोटी रुपयांपर्यंत. नोंदणी ‘उद्यम’ या संकेतस्थळावर होते. दोन लेथ मशिनांचे वर्कशॉप आणि शेकडो कामगारांचा कारखाना हे दोन्ही याच वर्गात बसतात. त्यामुळे त्यांच्या गरजा सरसकट एक मानता येत नाहीत.

संकल्पनेचा विकास : एकाच धंद्यातील छोटे कारखाने एका गावात दाटीने वसले की सर्वांचा फायदा होतो, हा विचार इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये पद्धतशीरपणे मांडला. कसबी कामगार, पूरक धंदे आणि धंद्यातले बारकावे अशा गावात सर्वांच्या हाताशी राहतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील प्रातो या कापडनगरीसारख्या उदाहरणांवरून ज्याकोमो बेकात्तिनी यांनी या विचाराला नवा उजाळा दिला, तर अमेरिकी अभ्यासक मायकेल पोर्टर यांच्या १९९० च्या ग्रंथानंतर ‘क्लस्टर’ हा शब्द जगभर रूढ झाला. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की नवी माहिती रोजच्या घट्ट नात्यांपेक्षा दूरच्या, तुरळक ओळखीतून अधिक मिळते. रोज एकाच कट्ट्यावर भेटणाऱ्यांना एकमेकांचे बहुतेक सारे ठाऊक असते; प्रदर्शनात भेटलेला परगावचा पुरवठादार वेगळे काही सांगून जातो. छोट्या उद्योजकाला या दोन्ही प्रकारच्या संबंधांची गरज असते : अडीअडचणीला घट्ट नात्यांची आणि नव्या बाजारपेठेसाठी दूरच्या ओळखींची.

विचुंबे–पनवेल परिसर : विचुंबे हे नवीन पनवेलला लागून असलेले गाव. नवी मुंबई विमानतळ प्रभावित अधिसूचित क्षेत्राच्या, म्हणजे ‘नैना’च्या, पहिल्या टप्प्यातील २३ गावांत त्याचा समावेश आहे. या क्षेत्राचे नियोजन सिडकोकडे आहे. भोवतालची औद्योगिक चौकट मोठी आहे. तालुक्यातच तळोजा औद्योगिक वसाहत असून तेथे रसायने, अभियांत्रिकी, पोलाद आणि निर्यातीसाठी मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. रसायनी–पाताळगंगा पट्टा जवळ आहे. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तर नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

पनवेलची उद्योगपरंपरा त्याहून जुनी आहे. कोकण आणि घाट यांना जोडणाऱ्या मार्गावरचे हे बंदर एकोणिसाव्या शतकात बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते, पुढे भातगिरण्यांसाठीही ओळखले जाऊ लागले. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना स्थापन केला. वैद्याने घरी खलबत्त्यात कुटून रुग्णापुरते औषध करायचे, ही तोवरची रीत होती. तयार औषध कारखान्यात करून दूरच्या वैद्यांपर्यंत पोचवणे हा त्या काळातला मोठा बदल होता. ग्रंथातील पाठ तेच ठेवून उत्पादनाची व वितरणाची रीत बदलल्याने दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेला हा उद्योग म्हणजे पनवेलच्या नवोन्मेषाचा सर्वांत जुना जिवंत दाखला आहे.

शहर वाढते तशी या परिसरातील छोट्या उद्योगांपुढे दुहेरी स्थिती येते. फॅब्रिकेशन, फर्निचर, छपाई, पॅकिंग, खाद्यपदार्थ, दुरुस्ती-देखभाल यांना गिऱ्हाईक दारात मिळते. मात्र जागेचा भाव निवासी इमारतींच्या हिशेबाने ठरू लागतो आणि वर्कशॉपला तो झेपत नाही. नियोजनात छोट्या गाळ्यांसाठी जागा राखून ठेवणे म्हणूनच येथे कर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. अनेक उद्योजकांनी सोसायटी करून जागा, रस्ते व वीज एकत्र मिळवायची, ही सहकारी औद्योगिक वसाहतीची पद्धत महाराष्ट्रात जुनी व आजमावलेली आहे.

नवोन्मेषाचे स्वरूप : छोट्या उद्योगातील नवोन्मेष सहसा पेटंटच्या कागदावर दिसत नाही, तो कामाच्या ठिकाणी दिसतो. एखादे जिग बनवून ड्रिलिंगचा वेळ निम्मा करणे, वाया जाणाऱ्या पत्र्यातून दुसरा भाग काढणे, पॅकिंग बदलून वाटेतली तूटफूट कमी करणे, गिऱ्हाइकाच्या गरजेनुसार छोटी ऑर्डर लवकर देणे, ही त्याची नेहमीची रूपे. मोठ्या कंपनीत असा बदल मंजुरीच्या पायऱ्या चढत राहतो. छोट्या कारखान्यात मालक स्वतः मशिनजवळ उभा असल्याने तो सकाळी सुचतो आणि संध्याकाळपर्यंत करून पाहता येतो. हा वेग हेच लहान असण्याचे खरे बळ आहे. चाचणी-प्रयोगशाळा, महागडी मोजमाप यंत्रे, नमुने बनवण्याची सोय आणि दूरच्या बाजाराची माहिती मात्र एकट्याला परवडत नाही. तिथे सहकार्याचे जाळे कामी येते.

सहकार्याचे प्रकार : (१) उभे सहकार्य : मोठा खरेदीदार व त्याचे वेंडर यांच्यातील नाते. कंपनी ड्रॉइंग, गुणवत्तेचे निकष व कधी प्रशिक्षणही देते. (२) आडवे सहकार्य : एकाच धंद्यातील उद्योजकांनी कच्चा माल एकत्र घेणे, जादा काम जॉबवर्कला वाटून देणे, सामायिक सुविधा उभारणे. (३) संस्थात्मक सहकार्य : अभियांत्रिकी महाविद्यालये, प्रयोगशाळा, टूल रूम, बँका व शासकीय कार्यालये यांच्याशी संबंध. रायगडचे जिल्हा उद्योग केंद्र अलिबाग येथे आहे. (४) संघटनात्मक सहकार्य : औद्योगिक वसाहतींतील उत्पादक संघटना व चेंबर. १९३४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मराठा चेंबरने आणि तिचे संस्थापक आ. रा. भट यांनी लघुउद्योगांची बाजू सातत्याने मांडली.

पेणचा गणेशमूर्ती उद्योग : रायगड जिल्ह्यात सहकार्य आणि नवोन्मेष एकत्र पाहायचे तर पेण तालुक्याकडे वळावे लागते. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे ही गावे वर्षभर गणपती घडवतात. दरवर्षी लाखो मूर्ती येथून बाहेर पडतात. हे काम एका मोठ्या कारखान्यात होत नाही. घरोघरच्या आणि गल्लीतल्या कारखान्यांत ते वाटलेले असते. कोणी साचे करतो, कोणी मूर्ती काढतो, कोणी घासकाम, कोणी रंगकाम. डोळ्यांची आखणी निराळ्या हाताकडे जाते, कारण मूर्तीचा भाव त्यावर ठरतो. अनेक कारखाने न रंगवलेल्या ‘कच्च्या’ मूर्ती मुंबई-पुण्यासह इतर शहरांतील कारागिरांना पुरवतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती समुद्रमार्गे जात असल्याने त्यांची पाठवणी उत्सवाच्या कित्येक महिने आधी सुरू होते.

शाडूची मूर्ती जड असते, वाळायला दिवस लागतात, प्रवासात तिला तडा जातो. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रबरी साचा आल्यावर चित्र पालटले. साच्यात आतून प्लास्टरचा हात फिरवायचा, वर काथ्याचा थर द्यायचा, थोड्याच वेळात मूर्ती पोकळ, हलकी आणि कडक होऊन बाहेर येते. साचा लवचीक असल्याने बारीक नक्षीही न मोडता सुटते. ही रीत शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे पसरली आणि हंगामी धंदा बारमाही झाला.

याच रीतीने पुढे अडचणही उभी केली. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत त्याच्या मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ वाद चालला आणि ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मुभा देताना नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनावर निर्बंध कायम ठेवला. आता पर्याय शोधणे हे पेणचे खरे संशोधन आहे : शाडू, कागदाचा लगदा, नैसर्गिक रंग, प्लास्टरच्या पुनर्वापराची पद्धत. एकेका कारखानदाराला असे प्रयोग करणे झेपत नाही. सामायिक प्रयोगशाळा आणि गुजरातेतून येणाऱ्या शाडूची एकत्र खरेदी या मार्गानेच ते होऊ शकतात.

नक्कल हा या धंद्याचा दुसरा कळीचा प्रश्न आहे. तयार मूर्तीवरून रबरी साचा काढणे सोपे असल्याने नवी घडण बाजारात आली की लवकरच तिच्या प्रतिकृती दिसतात. ‘डिझाइन अधिनियम, २०००’ नुसार नोंदणी केल्यास प्रथम १० वर्षे व वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. छोट्या कारागिराने ते घ्यावे यासाठी संघटनेने पुढाकार घेणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील अन्य समूह : कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाची सुरुवात शेतीच्या गरजांतून झाली. गुऱ्हाळाचे चरक आणि पाणी उपसणारी ऑइल इंजिने बनवता बनवता कारागीर तयार झाले. विजेच्या पंपांमुळे इंजिनांची मागणी घटल्यावर येथील फाउंड्र्या मोटारींच्या सुट्या भागांकडे वळल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव येथील उत्पादक संघटनांनी या वळणावर एकत्रित प्रयत्न केले. ओतकामात वाळूचा साचा एकदा वापरला की वाळूच्या कणांवर राळेचा जळका थर चढतो आणि अशी वाळू कुठे टाकायची हा प्रत्येक फाउंड्रीचा प्रश्न असतो. कोल्हापूरच्या फाउंड्री समूहाने सामायिक वाळू पुनर्प्राप्ती प्रकल्प उभारला. तो थर काढून वाळू पुन्हा साच्यायोग्य केली की वाळूची खरेदी घटते आणि टाकाऊ मालही कमी होतो. चिंचवड येथील ऑटो क्लस्टर आणि वाळूज येथील मराठवाडा ऑटो क्लस्टर यांनी चाचणी, मोजमाप व नमुनानिर्मितीची सोय अनेक छोट्या वेंडरांना भाडेतत्त्वावर खुली केली.

नाव राखण्यासाठीही समूह लागतो. सोलापुरी चादर, पैठणी व कोल्हापुरी चप्पल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जून २०२५ मध्ये मिलानमधील फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पादत्राणे मूळ उगमाचा उल्लेख न करता मांडली, तेव्हा महाराष्ट्र चेंबरने आक्षेप घेतला आणि कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. एकट्या चर्मकाराचे पत्र मिलानपर्यंत पोचले असते का, याचा विचार केला म्हणजे संघटनेचे मोल कळते.

कायदा व शासकीय योजना : केंद्राची सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास योजना आणि राज्याचा समूह विकास कार्यक्रम यांतून सामायिक सुविधा केंद्रांना अनुदान मिळते, त्यासाठी उद्योजकांनी मिळून स्वतंत्र संस्था स्थापावी लागते. केंद्र सरकारच्या मंत्रालयांनी व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीतील किमान २५ टक्के माल व सेवा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घेणे बंधनकारक आहे. देयकांबाबत २००६ च्या कायद्याचे संरक्षण आहे : लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते केले पाहिजेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. दाद सुविधा परिषदेकडे मागता येते.

मर्यादा व धोके : उभ्या सहकार्यात एकाच कंपनीवर अवलंबून राहण्याचा धोका मोठा असतो. पेमेंट थकले तरी पुढची ऑर्डर जाईल या भीतीने वेंडर कायद्याचा आधार घेत नाही. आडव्या सहकार्यात अविश्वास आड येतो : शेजारी आपले गिऱ्हाईक ओढेल ही शंका रास्त असू शकते. सामायिक सुविधा उभारणे सोपे आणि चालवणे कठीण असते. तळोजा वसाहतीच्या सांडपाण्यामुळे झालेले कासाडी नदीचे प्रदूषण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असूनही देखभाल व शिस्त कमी पडली तर दुष्परिणाम साऱ्या पंचक्रोशीला भोगावे लागतात, हे त्यातून दिसले. नदीकाठच्या शेतकऱ्यांचा व मच्छीमारांचा त्यात काहीही दोष नव्हता.

मूल्यमापन : ज्या ठिकाणी सहकार्य टिकले तिथे काही गोष्टी समान आढळतात. प्रश्न सर्वांना बोचणारा होता, जसा कोल्हापुरात वाळूचा. सुरुवात एका मर्यादित, मोजता येणाऱ्या कामापासून झाली. वर्गणी व हिशेब उघड होते. आणि गिऱ्हाइकांसाठीची स्पर्धा चालूच राहिली. एकत्र काय करायचे आणि स्वतंत्र काय ठेवायचे याची स्पष्ट वाटणी हा यशाचा गाभा आहे. विचुंब्यासारख्या झपाट्याने शहर होणाऱ्या गावात बंदर, विमानतळ व औद्योगिक वसाहती यांच्यामुळे संधी चालून आली आहे. तिचा लाभ स्थानिक तरुण उद्योजकांना मिळायचा असेल तर छोट्या गाळ्यांना नियोजनात हक्काची जागा, वेळेवर पेमेंट आणि चालती-बोलती संघटना या तीन गोष्टींची जोड लागेल. यांपैकी पहिली नियोजन प्राधिकरणाच्या हाती आहे, दुसरी खरेदीदारांच्या; तिसरी मात्र उद्योजक स्वतःच आजपासून उभी करू शकतात.