रेड डॉट साइटसाठी परवडणारा मॅग्निफायर : निवडीच्या कसोट्या

रेड डॉट साइट लाल ठिपक्याने नेम दाखवते. दृश्य मात्र मोठे करीत नाही. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये अशी इलेक्ट्रॉनिक साइट बाजारात आणली. दूरच्या लक्ष्यासाठी तिच्या मागे मॅग्निफायर, म्हणजे भिंगांची नळी, बसवतात. बिजागरी असलेल्या बैठकीमुळे जवळच्या नेमाच्या वेळी तो बाजूला वळवता येतो.

अमेरिकेत प्रायमरी आर्म्ससारख्या कंपन्यांचे तीनपट मॅग्निफायर नामांकित महागड्या उत्पादनांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात. निवडीची पहिली कसोटी उंचीची. दोन्ही उपकरणांचे मध्य एका रेषेत नसतील, तर ठिपका कडेला सरकतो. दुसरी कसोटी डोळ्यापासूनच्या अंतराची. हे अंतर फार कमी असल्यास मान अवघडते. तिसरी बिजागरीची. ती सैल असेल, तर रायफलच्या धक्क्याने मॅग्निफायर जागेवरून हलतो.

२ एमओएचा ठिपका तीनपट मॅग्निफायरमधून ६ एमओएचा भासतो; मात्र लक्ष्यही तितकेच मोठे दिसत असल्याने त्याचा झाकलेला भाग वाढत नाही. नेमाची जुळणी साइटवरच होते, मॅग्निफायरवर नाही. म्हणून खर्च मर्यादित असेल, तर साइटला प्राधान्य द्यावे.