नकाशावरची जन्मभूमी

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला व मायक्रोप्रोज या अमेरिकी कंपनीने 1991 मध्ये प्रकाशित केलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकीय खेळ इ.स.पू. 4000 या वर्षी सुरू होतो. त्या वेळी खेळाडूच्या हाती वसाहत करण्यास निघालेले एक पथक असते, भोवतीचा नकाशा जवळजवळ सगळा झाकलेला असतो आणि पहिले नगर कोठे वसवावे या निर्णयावर पुढील सहा सहस्रकांची वाटचाल मोठ्या प्रमाणावर ठरते. या खेळापासून सुरू झालेल्या मालिकेच्या तीन दशकांहून अधिक काळाच्या इतिहासात प्रारंभीच्या भूमीचे स्थान अनेकदा बदलले, आणि त्या बदलांमागे भूगोल माणसाला घडवतो की माणूस भूगोलाला अर्थ देतो, हा इतिहासलेखनातील जुना वाद स्पष्ट दिसतो.

पहिल्या आवृत्तीत सर्व लोकसमूह जवळजवळ सारखे होते. रोमन, भारतीय, झुलू किंवा अ‍ॅझ्टेक यांच्यात नगरांची नावे, रंग आणि संगणकाने चालवलेल्या नेत्याचा स्वभाव एवढाच फरक होता. खरा फरक पडे तो जमिनीमुळे. नकाशा चौकोनी घरांत विभागलेला असे, नगराला आपल्या भोवतालच्या 21 घरांतून अन्न, उत्पादन आणि व्यापार मिळे, आणि प्रत्येक नागरिकाला जगण्यासाठी अन्नाचे दोन एकक लागत. गवताळ घर तेवढे अन्न देई, वाळवंटाचे घर मुळीच देत नसे, आणि पाणी शेजारी असल्याशिवाय सिंचन करता येत नसे; त्यामुळे नदीकाठी सुरुवात झालेला झुलू समूह वाळवंटात सापडलेल्या रोमनांना सहज मागे टाकू शके. या रचनेत एक नैतिक बाजूही होती असे म्हटले पाहिजे, कारण कोणताही समाज जन्मतः श्रेष्ठ नसून त्याच्या वाट्याला आलेल्या भूमीनुसार त्याची प्रगती होते, हे तत्त्व खेळाच्या नियमांतच गुंफलेले होते.

भूमीला असे महत्त्व देण्याची पद्धत त्याआधीच्या पटावरच्या खेळांतही होती. फ्रान्सिस ट्रेशम यांनी 1980 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ याच नावाच्या खेळात पूर्व भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश दाखवलेला होता. प्रत्येक प्रदेश किती लोकसंख्या पोसू शकतो याची मर्यादा पटावरच नोंदवलेली असे. नगरासाठी अनुकूल ठरवलेल्या जागी सहा सोंगट्यांत नगर उभे राही, अन्यत्र त्यासाठी बारा लागत. पूरमैदानाचे प्रदेश अधिक माणसे पोसत, परंतु पुराचे संकट ओढवले की तेथील सोंगट्या मोठ्या संख्येने नष्ट होत. या खेळाची अमेरिकी आवृत्ती अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने काढली आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोजमध्ये येण्यापूर्वी याच कंपनीत काम केले होते.

2001 मधील तिसऱ्या आवृत्तीने लोकसमूहांना उद्यमी, धार्मिक, व्यापारी असे गुणविशेष दिले, तर 2005 मधील चौथ्या आवृत्तीने भूमीतील विषमतेला बराच लगाम घातला. तीत नकाशा तयार झाल्यावर संगणक प्रत्येक प्रारंभस्थळ तपासतो आणि गरजेनुसार जवळ नदी किंवा तळे आणतो, अडथळा ठरणारी शिखरे काढतो, नापीक जमीन सुधारतो आणि खाद्यसाधनांची भर घालतो. न्याय्य स्पर्धेसाठी हे आवश्यक होते. परंतु त्यामुळे इतिहासातील सर्वांत कठोर घटक, म्हणजे काही लोकांच्या वाट्याला मुळातच वाईट जमीन येते ही वस्तुस्थिती, बऱ्याच अंशी पुसली गेली.

निर्णायक वळण 2010 मधील पाचव्या आवृत्तीत आले. बॉब थॉमस यांनी लिहिलेल्या तिच्या मांडणीप्रणालीत षटकोनी घरांचा नकाशा प्रथम प्रदेशांत विभागला जातो, प्रत्येक प्रदेशाचा प्रकार ठरतो (गोठलेली, वृक्षहीन भूमी म्हणजे टुंड्रा, घनदाट पर्जन्यवन, अरण्य, वाळवंट, टेकड्या, मैदान) आणि मग लोकसमूह आपापल्या स्वभावाला साजेशा प्रदेशात नेऊन बसवले जातात. अरबांना वाळवंट, इरोक्वायांना अरण्य, इंकांना टेकड्या, रशियाला टुंड्रा मिळतो. 2016 च्या सहाव्या आवृत्तीने या पद्धतीला अनेक पायऱ्या दिल्या आणि समूहांची वैशिष्ट्येही भूमीशी आणखी घट्ट बांधली. येथे कार्यकारणाचा क्रम उलटला: पूर्वी भूमीमुळे समाज घडे, आता घडलेला समाज आधी येतो आणि त्याच्यासाठी भूमी शोधली जाते.

हा उलटा क्रम इतिहासाच्या कसोटीवर तपासण्यासारखा आहे. सहाव्या आवृत्तीत रशियाला टुंड्राच्या घरांतून श्रद्धा (खेळातील धार्मिक एकक) आणि उत्पादन अधिक मिळते. प्रत्यक्षात मॉस्कोचे राज्य अरण्यप्रदेशातील नद्यांच्या आसऱ्याने वाढले, आणि उत्तरेकडील व सायबेरियातील गोठलेल्या प्रदेशांवर त्याचा विस्तार मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांत, मौल्यवान केसाळ कातड्यांच्या ओढीने झाला. मालीला वाळवंटाशेजारी नगर वसवल्यास अन्न आणि श्रद्धा मिळते, परंतु 1324 मध्ये हजला निघालेल्या मन्सा मुसाच्या साम्राज्याचा गाभा नायजर नदीच्या वरच्या खोऱ्यातील गवताळ पट्ट्यात होता. सोने बंबुक आणि बुरे या दक्षिणेकडील भागांतून येई, आणि वाळवंटाचे महत्त्व तघाझासारख्या ठिकाणांहून येणारे मीठ व उंटांचे तांडे यांच्यापुरते होते.

इंकांचे उदाहरण अधिक बोलके आहे. खेळात त्यांचे नागरिक पर्वतावरही काम करू शकतात आणि पायऱ्यांची शेती ही त्यांचीच खासियत ठरते. मात्र अँडीजमधील पायऱ्यांची शेती इंकांच्या उदयापूर्वी कित्येक शतके अस्तित्वात होती आणि वारी संस्कृतीने ती मोठ्या प्रमाणावर वापरली होती. मानववंशशास्त्रज्ञ जॉन मुरा यांनी दाखवल्याप्रमाणे अँडीजमधील समाजांचे सामर्थ्य एकाच उंचीवर राहण्यात नव्हते, तर एकाच समूहाने निरनिराळ्या उंचीवर जमिनी राखण्यात होते: उंचावर बटाटे आणि ते गोठवून वाळवून केलेला चुन्यो, त्याखाली मका, पूर्वेच्या उष्ण उतारांवर कोका. ही तोडगा शोधण्याची दीर्घ प्रक्रिया खेळात जन्मजात गुण बनते. भारताला दिलेल्या बारवेचीही तीच गत आहे.

फ्रेंच इतिहासकार लुसियाँ फेव्र यांनी 1922 मध्ये भूगोल माणसाला आज्ञा देत नाही, शक्यता देतो, असा पक्ष मांडला. त्यास शक्यतावाद म्हणतात. त्या दृष्टीने पाहिल्यास 2019 च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या पुरवणीतील माओरी समूह सर्वांत विचारप्रवर्तक ठरतो, कारण तो खुल्या समुद्रात सुरुवात करतो आणि किनारा स्वतः निवडतो. तेराव्या शतकाच्या सुमारास माओरींचे पूर्वज असलेले पॉलिनेशियन नाविक न्यूझीलंडला पोहोचले तेव्हा त्यांच्या परिचयाचे नारळ आणि ब्रेडफ्रूट तेथील थंडीत उगवेनात. रताळे टिकले, तेही साठवणीचे खड्डे खणून. त्या काळात मोआ हे प्रचंड पक्षी शिकारीमुळे शे-दोनशे वर्षांत नामशेष झाले. खेळातील माओरी मात्र वनांना हात न लावल्याबद्दल लाभ मिळवतात आणि नैसर्गिक साधने उपसू शकत नाहीत. नव्या भूमीवर शिकण्याचा, चुकण्याचा, नाश करण्याचा कठीण टप्पा अशा रीतीने गाळला गेला आहे.

फेब्रुवारी 2025 मधील सातव्या आवृत्तीने खेळ तीन युगांत विभागला आणि युग बदलताना लोकसमूहही बदलण्याची सोय केली. जवळ घोड्यांची पुरेशी साधने असतील तर इजिप्तपासून निघालेला खेळाडू मंगोल होऊ शकतो. भूमीला पुन्हा निर्णायक स्थान मिळाले हे स्वागतार्ह आहे, परंतु नाईलच्या खोऱ्यात घडले ते याहून वेगळे होते. तेथे ग्रीक, रोमन, अरब अशा राजवटी आल्या, भाषा आणि धर्म बदलले, तरी शेतकरी बांध घालून पुराचे पाणी शेतात अडवण्याची तीच पद्धत चालवत राहिले. एकोणिसाव्या शतकात कालव्यांनी वर्षभर पाणी मिळू लागेपर्यंत ती बहुतांश टिकली, आणि 1970 मध्ये आस्वानचे उंच धरण पूर्ण झाल्यावर पूरच इतिहासजमा झाला.