मोरखीची साखळी

जनावर ताब्यात ठेवण्याच्या तीन दोऱ्या आपल्या ओळखीच्या आहेत : वेसण, लगाम आणि मोरखी. वेसण बैलाचे नाक टोचून आत जाते. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात शिरून जिभेवर आणि दाढांपुढच्या मोकळ्या हिरडीवर बसते. मोरखी मात्र डोक्याच्या बाहेरच राहते. भाषेने पहिल्या दोघींना मोठा मान दिला आहे. खर्चाला आपण वेसण घालतो, जिभेला लगाम घालतो. मोरखीच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. घोडा पाण्यावर न्यायचा, पागेत बांधायचा, नालबंदापुढे धरायचा, एवढ्याच कामाची ती वस्तू. पण अरबी घोड्याच्या चरित्रात याच गरीब मोरखीने मोठी भूमिका केली आहे. आज जगभर या घोड्यांची प्रदर्शने भरतात. तेथे ती सोन्यारुप्याने मढून मिरवते आणि कधी कधी घोड्याच्या जिवाला घोर लावते. हा प्रवास पाहण्यासारखा आहे.

अरबी घोडा आपल्याला परका नाही. दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी शतकानुशतके त्याला गलबतांत घालून आपल्या किनाऱ्यावर उतरवले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने दक्षिणेत पाहिले, की राजे दर वर्षी हजारोंनी घोडे विकत घेतात आणि वर्षअखेर त्यांतले फार थोडे जगतात. घोड्यांची निगा राखणारी माणसे इकडे नाहीत आणि व्यापारी आपली माणसे येऊ देत नाहीत, कारण घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवे खपणार, असे कारणही त्याने नोंदवले. घोडा आला, पण घोड्याची विद्या आली नाही, असा याचा अर्थ.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून एकच एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्या घोड्यावर त्याचे सारे भांडवल गुंतले होते. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि बजावले, की धर्म बदललास तर घोडा परत मिळेल, वर हजार मोहरा मिळतील. एका खोरासानी सरदाराच्या रदबदलीने निकितीनचा धर्म राहिला आणि घोडाही सुटला. पुढे बिदरच्या बाजूला त्याने तो विकला. इकडे घोड्याला हरभऱ्यासारखे कडधान्य आणि खिचडी चारतात, याचे त्याला मोठे नवल वाटले होते. रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, तेव्हा घोड्यांच्या व्यापारावर हात ठेवणे हाही त्यांचा एक मोठा हेतू होता. विजयनगरचा राजा होर्मुझचे आणि देशी मिळून वर्षाला १३,००० घोडे घेई, असे फेर्नाव नुनीझने लिहून ठेवले आहे. ही आवक एकोणिसाव्या शतकातही थांबली नव्हती. नेजदच्या वाळवंटातले घोडे कुवेतच्या बंदरातून मुंबईला येत आणि इथल्या अरब सौदागरांच्या तबेल्यांतून विकले जात. १८७७ साली मुंबईत घेतलेला व्होनोलेल नावाचा एक पांढरा अरबी घोडा लॉर्ड रॉबर्ट्सला १८८० साली काबूलहून कंदाहारपर्यंत घेऊन गेला. व्हिक्टोरिया राणीने त्याला पदक दिले. त्याचे थडगे डब्लिनमध्ये आहे.

आता हे घोडे जिथून येत, तिथे त्यांना कसे वागवीत, ते पाहू. ही हकिकत आपल्याला एका बाईने सांगितली आहे. लेडी ॲन ब्लंट ही कवी बायरनची नात. पती विल्फ्रिड ब्लंट याच्याबरोबर तिने १८७७-७८ च्या हिवाळ्यात युफ्रेटिसच्या काठचा प्रदेश पालथा घातला आणि पुढच्याच हिवाळ्यात नेजदमध्ये शिरून हायलच्या अमिराचा तबेला गाठला. तिने जे पाहिले ते युरोपातल्या स्वारांना खरे वाटणे कठीण होते. बेदुइन आपल्या घोडीच्या तोंडात काहीच घालत नव्हता. लगाम नाही, रिकीब नाही, आपल्यासारखे खोगीरही नाही. पाठीवर कापसाची गादी आणि डोक्यावर एक मोरखी. नाकावरून एक बारीक साखळी गेलेली, तिला एकच दोरी आणि ती दोरी स्वाराच्या हातात. एवढ्यावर तो धाडी घाली, पाठलाग करी आणि भरधाव घोडी जागच्या जागी वळवी.

हे कसे साधत होते? गुपित साखळीत नव्हते, घोडीच्या वाढीत होते. शिंगरू तंबूच्या दाराशी, बायकामुलांच्या पायांत वाढे. त्याला उंटिणीचे दूध पाजीत. मुले त्याच्या पाठीवर चढत, गळ्याला मिठी मारीत. मोठी होईतो त्या घोडीला माणसाच्या हाताचे भय उरतच नसे. मग नाकाच्या हाडावरच्या साखळीचे काम ओढण्याचे राहत नाही, आठवण देण्याचे राहते. आजीने नुसते हाक मारून नातवाला थांबवावे, तसे ते काम. मोरखीच्या दोरीला अरबीत रसन म्हणतात आणि घोडीच्या कुळालाही तोच शब्द चालतो. कूळ मोजायचे ते आईकडून. ज्या समाजाने दोरीला वंशाचे नाव दिले, त्याला ती दोरी बेडी वाटत नसावी.

पण सगळेच अरब असे कोमल हाताचे होते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. शहरांतले स्वार, तुर्क आणि मिसरचे मामलुक यांचे लगाम अतिशय कडक असत. खालच्या जबड्याला कडे घालून एका झटक्यात घोडा मागच्या पायांवर बसवणारे ते हत्यार होते. आपल्याकडेही काटेरी कडियाळी काही कमी नव्हती. आणि ही गोष्ट आजकालची नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोनने घोड्यावर पुस्तक लिहिले. त्यात गुळगुळीत आणि काटेरी अशा दोन्ही कड्यांची चर्चा आहे. पण मारून मुटकून करवून घेतलेल्या कामाला शोभा येत नाही, हेही त्याने बजावून सांगितले आहे. घोड्याकडून दहशतीने काम घ्यायचे की समजुतीने, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

ब्लंट दांपत्याने १८७८ साली ससेक्समधल्या क्रॅबेट येथे अरबी घोड्यांची पैदास सुरू केली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सीरियातून घोडे आले. १९०६ साली होमर डेव्हनपोर्ट या व्यंगचित्रकाराने आणखी सत्तावीस अमेरिकेत नेले. ब्रिटनमध्ये अरबी घोड्यांची संस्था १९१८ साली निघाली. लढाईचा घोडा हळूहळू देखणेपणाचा घोडा झाला. प्रदर्शनात त्याच्यावर कोणी बसत नाही. धरणारा त्याला हाताने चालवतो, दुडकवतो आणि मग परीक्षकासमोर उभा करतो. परीक्षकाला दिसायला हवे ते त्याचे डोके : रुंद कपाळ, मोठे डोळे, बशीसारखा खोलगट चेहरा, निमुळते तोंड. हे सौंदर्य झाकू नये म्हणून मोरखी बारीक होत गेली. तारेवर चामडे चढवलेली, जेमतेम पेन्सिलीएवढी जाड, चांदीच्या फुलांची. बेदुइनाची साखळी मात्र तशीच राहिली. ती बहुधा हनुवटीखाली आली.

इथेच घोटाळा झाला. वाळवंटातली साखळी आली, पण तंबूतले बालपण आले नाही. परीक्षकाला मान उंचावलेला, डोळे विस्फारलेला, रोखून पाहणारा घोडा आवडतो, हे धरणाऱ्यांच्या ध्यानात आले. तो आव घोड्याच्या खऱ्या उत्साहातून आणायला महिने लागतात; साखळीच्या हिसक्याने तो पळभरात येतो. पाहणाऱ्याला तेज दिसते आणि घोड्याच्या मनात असते ती धास्ती. या चालींविरुद्ध घोडेवाल्यांतूनच आवाज उठला आणि परदेशांतल्या संस्थांनी घोड्याला छळणाऱ्याला मैदानाबाहेर काढण्याचे नियम केले. पण नियमाची नजर मैदानापुरती. घरच्या तबेल्यात ती पोचत नाही. तिथे मालकाची निवडच कामी येते.

म्हणून ही निवड कशी करावी, ते घोड्याच्या शरीरावरूनच समजून घेतले पाहिजे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा सारा श्वास नाकातून. नाकाचे हाड खाली निमुळते होत जाते आणि त्याचे टोक पातळ असते; त्याखाली नुसती कुर्ची. नाकपट्टी तिथे उतरली, की हाडाला धोका आणि श्वासाला अडथळा. तेव्हा गालावरची हाडाची उंच कड जिथे संपते, तिथून दोन बोटे खाली नाकपट्टी बसावी आणि तिच्याखाली दोन बोटे सहज जावीत. अरबी घोड्याची कातडी पातळ. गालावरून जाणारी मज्जा अगदी वरवर असते. म्हणून नाकपट्टी गोल वळलेल्या मऊ चामड्याची घ्यावी. आतली बाजू गुळगुळीत असावी, शिवण कातडीला घासू नये, बक्कल गालाच्या हाडावर येऊ नये. गालाची पट्टी ओढ बसताच डोळ्याकडे सरकता कामा नये.

साखळीची परीक्षा सोपी आहे. ती हनुवटीखाली घालावी, ओढावी आणि सोडावी. सोडताच ती आपोआप ढिली पडली तर चांगली. अडकून राहिली तर, कितीही चांदीची असो, परत करावी. कारण घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. आपण ओढले, तो एक पाऊल आला, की त्याच क्षणी दोरी सैल झाली पाहिजे. तेच त्याचे बक्षीस. जी साखळी सुटत नाही, ती घोड्याला एवढेच सांगते, की ऐकले काय आणि न ऐकले काय, शिक्षा चालूच. साखळीच्या कड्या रुंद आणि सपाट असाव्यात. साखळी लावून घोडा कधीही खुंटीला बांधू नये. तो बुजला की ती आवळत जाते. शिंगराला साखळी लावूच नये. घरची सारी शिकवण रुंद पट्टीच्या साध्या मोरखीवर व्हावी आणि बारीक दागिना त्या दिवसापुरता चढवावा. साध्या मोरखीत जो घोडा उभा राहत नाही, त्याला प्रदर्शनात नेण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे.

घोडा विकत घेतानाही मोरखी काढून पाहावे. नाकावर किंवा हनुवटीखाली केस झडलेले, सूज, किंवा लाल-तपकिरी अंगावर पांढऱ्या केसांची रेघ दिसली, तर ती रेघ वाचावी. कातडी दाबाने दुखावली, की पुढे तिथे पांढरे केस उगवतात. मालक काही सांगो. त्या घोड्याला कसे वागवले, ते तिथे लिहिलेले असते.

आपल्याकडे याला कायद्याचाही आधार आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला आणि ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत काटेरी कडी, टोकदार साज, इजा करणारे कोणतेही साधन वापरण्यास मनाई आहे. तरी बाजारात काटेरी लगाम अजून सापडतात, कारण मागणारे गिऱ्हाईक आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे देशोदेशीचे घोडे येतात. घुंगरू, गोंडे, झुली, रंगीत मोरख्या यांनी तो सारा परिसर सजलेला असतो. सजावटीला कोणाची हरकत असणार? आपण दिवाळीत दारातल्या गाईबैलांनाही सजवतोच. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करून, गोंडा गळ्यात बांधताना आपण सहज एक बोट आत घालून पाहतो, काचत तर नाही ना. घोड्याच्या मोरखीला लागते ते एवढेच. फक्त एका बोटाऐवजी दोन.