फुगणाऱ्या इंग्रजी धिरड्याची कुळकथा

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे, असे अध्यक्षबाईंनी गेल्या सभेत सांगितले, तेव्हा मी मागच्या सतरंजीवर जरा अंग चोरूनच बसले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाण्याची यादी आणि दुधाचा हिशेब याखेरीज हाती लेखणी धरण्याचा प्रसंग फारसा आला नाही. परंतु मागच्या दिवाळीत आमच्या घरी एक पदार्थ तीनदा बिघडला आणि चौथ्यांदा साधला. त्यापाठीमागे पावणेतीनशे वर्षांहून जुनी हकीगत आहे असे कळले. ती ऐकली आणि लिहिण्याचा धीर आला. कसा, ते शेवटी सांगेन.

माझी थोरली मुलगी पुण्याला हॉटेलचा अभ्यासक्रम शिकते. सुट्टीत घरी आली ती एका पदार्थाचा सराव करायचा म्हणून. त्याचे नाव यॉर्कशायर पुडिंग. यॉर्कशायर हा इंग्लंडच्या उत्तरेकडचा मुलूख. पुडिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोड पदार्थ येतो. पण इंग्रजांच्या घरी पुडिंग खारेही असते. मैदा, अंडी, दूध आणि मीठ यांचे सरबरीत पीठ कढत स्निग्धात ओतून भट्टीत भाजायचे, की ते वाटीसारखे वर फुगते. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ खळगा. त्या खळग्यात मांसाचा दाट रस ओतून खातात. थोडक्यात, आपल्या धिरड्याचाच हा भाऊबंद. आपले तव्यावर पसरते, ते भट्टीत उभे राहते.

आता याचा उगम पाहा. पूर्वी इंग्लंडात मांस भट्टीत भाजत नसत. चुलाण्यासमोर लोखंडी सळईला मोठा तुकडा अडकवून ती तासन् तास फिरवीत. आच लागली की चरबी वितळून खाली गळे. ती वाया जाऊ नये म्हणून खाली परात ठेवीत. त्या परातीत पातळ पीठ ओतले, तर गळणारी चरबी त्यात मुरते आणि त्याच आचेवर एक जास्तीचा पदार्थ तयार होतो, ही युक्ती कोणाला तरी सुचली. कोणाला, याची नोंद नाही. पण जळण वाचवायचे, चरबीचा थेंब वाया घालवायचा नाही आणि वर चार तोंडे भरायची, हा हिशेब चुलीपाशी राबणाऱ्या हाताचाच असणार, असे मला वाटते.

छापील पुस्तकात ही कृती 1737 साली आली. ‘द होल ड्यूटी ऑफ अ वुमन’ म्हणजे स्त्रीचे संपूर्ण कर्तव्य, अशा नावाचे ते पुस्तक होते. नाव वाचून मुलगी हसली, मी नाही हसले! त्यात ‘ड्रिपिंग पुडिंग’, म्हणजे गळत्या चरबीचे पुडिंग, दिले आहे. पीठ तव्यावर लोण्यात खालून जरा धरू द्यायचे, मग ते भांडे मेंढीच्या मांसाखाली सरकवायचे आणि दांड्याला धरून मधून मधून हलवीत राहायचे. यॉर्कशायरचे नाव तिथे नाही.

ते नाव आले दहा वर्षांनी, 1747 साली, हॅना ग्लास या बाईंच्या ‘द आर्ट ऑफ कुकरी’ या पुस्तकात. यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. त्यांचा जन्म 1708 चा. पदरी पुष्कळ मुले, त्यांतली कित्येक लहानपणीच गेलेली, आणि पैशाची ओढ कायमची. पुस्तक लिहिताना त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले की मी भारी भाषेत लिहिलेले नाही; घरकाम करणाऱ्या साध्या मुलींना वाचून समजावे, एवढाच माझा हेतू. त्यांनी शेकडो कृती आधीच्या पुस्तकांतून उचलल्या होत्या, हेही खरे, आणि ते लपवू नये. पण त्या सोप्या करून सांगितल्या म्हणून ते पुस्तक घरोघरी गेले आणि शंभर वर्षे पुन्हा पुन्हा छापले गेले. गंमत अशी की हिंदुस्थानी पद्धतीची ‘करी’ कशी करावी, हेदेखील त्यात आहे. इंग्रजी पुस्तकात छापलेली करीची पहिली कृती तीच मानतात.

परंतु पुस्तकावर बाईंचे नाव नव्हते. तिथे छापले होते फक्त ‘एका स्त्रीने लिहिलेले’. पुस्तक निघाले त्याच वर्षी नवरा वारला. पुढे कपडे शिवण्याचा धंदा केला तो बुडाला, 1754 साली दिवाळे निघाले, आणि ज्या पुस्तकाने नाव काढायचे त्याचेच हक्क विकावे लागले. 1757 साली कर्जापायी तुरुंगही पाहिला. 1770 साली त्या गेल्या. त्यानंतर आठ वर्षांनी लंडनमध्ये एका जेवणाच्या बैठकीत त्यांच्या पुस्तकाचा विषय निघाला. एका पुस्तकविक्रेत्याने सांगितले की ते पुस्तक बाईने नव्हे, हिल नावाच्या डॉक्टरने लिहिले आहे. तिथे डॉ. सॅम्युएल जॉन्सन हे थोर विद्वान बसले होते. हिलचे नाव त्यांना पटले नाही; पण बायकांना सूत कातता आले तरी पाकशास्त्राचे चांगले पुस्तक लिहिता येणार नाही, असा अभिप्राय त्यांनीही देऊन टाकला. हे सारे बॉस्वेलने लिहिलेल्या जॉन्सनांच्या चरित्रात नोंदले आहे. ज्यांनी जन्मात चुलीवर भांडे चढवले नसेल, त्यांनी जेवता जेवता हे ठरवावे! पुढे 1938 साली मॅडलीन होप डॉड्स या इतिहाससंशोधक बाईंनी कागदपत्रे तपासून दाखवले, तेव्हा कुठे ग्लासबाईंचे श्रेय नक्की झाले. मध्ये जवळजवळ दोनशे वर्षे गेली.

पुडिंगचे पुढे काय झाले, तेही सांगते. यॉर्कशायरातल्या गरीब घरांत ते मांसाबरोबर नव्हे, मांसाच्या आधी वाढीत. मोठा तुकडा पुडिंग आणि त्यावर रस. पोट निम्मे भरले की महाग मांस थोडक्यात भागते. जो पुडिंग जास्त खाईल त्याला मांस जास्त, असे आमिष पोरांना दाखवीत. आणि पोरे पुडिंगनेच तृप्त होत. हे ऐकले आणि मला माहेर आठवले. आमच्या कोकणातल्या घरी आई आधी भात-कढी वाढायची आणि मासळीची तुकडी ताटाच्या कडेला, अगदी शेवटी. आम्हाला वाटे, आईची वाढण्याची पद्धतच तशी. ती काटकसर होती, हे स्वतःचा संसार मांडल्यावर कळले.

एकोणिसाव्या शतकात घरोघर बंद लोखंडी चुली आल्या. मांस सळईवरून भट्टीत गेले, आणि त्याच्या खालचे पुडिंग वेगळ्या भांड्यात भाजू लागले. 1861 सालच्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या पुस्तकातही ते आहे. दुसऱ्या महायुद्धात तिकडे 1940 पासून रेशन लागले. अंडे माणशी आठवड्याला एक, तेही मिळाले तर. मग अमेरिकेहून आलेल्या अंड्याच्या कोरड्या भुकटीत पाणी घालून बायकांनी रविवारचे पुडिंग चालू ठेवले. रेशन पुरते उठले 1954 साली. आणि 2008 साली तिथल्या रसायनशास्त्राच्या मोठ्या संस्थेने जाहीर केले की पुडिंग चार इंच उंच फुगले नाही तर ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे! गरिबाच्या परातीतला पदार्थ शास्त्रज्ञांच्या फूटपट्टीपर्यंत पोहोचला.

आता आमच्या घरची गोष्ट. पहिला घाणा चामड्यासारखा बसला. दुसऱ्या वेळी मुलीने खायचा सोडा घातला, तो केकसारखा झाला. तिसऱ्या वेळी चांगला फुगत होता, तर धाकट्याने बघायला म्हणून भट्टीचे दार उघडले आणि सगळे खाली बसले. मुलगी रडकुंडीला आली. मी म्हटले, “अगं, तू तेल तापू न देताच पीठ ओततेस. गार तेलात पुरी कधी फुगली आहे का?”

“आई, पुस्तकात लिहिलंय तेल कडकडीत हवं म्हणून, पण किती ते कळत नाही.”

“धूर दिसायला लागेपर्यंत,” मी म्हटले. चौथ्या वेळी साधले.

यात सोडा नाही, यीस्ट नाही. फुगवते ती वाफ. पीठ कढत तेलात पडले की बाहेरची कड लगेच धरते, आतल्या दुधापाण्याची वाफ होऊन ती वर ढकलते, आणि अंडे त्या आचेने घट्ट होऊन आकार धरून ठेवते. अंडे पुरते घट्ट होण्याआधी दार उघडले, तर वाफ निवते आणि सगळा डोलारा कोसळतो.

माप सोपे आहे. तीन अंडी फोडून वाटीत घ्यावी. जेवढी भरतील तेवढेच दूध आणि तेवढाच मैदा. चवीपुरते मीठ. गुठळी न ठेवता फेटून अर्धा तास झाकून ठेवावे. स्टीलच्या सहा लहान वाट्यांत चमचा चमचा तेल घालून त्या विजेच्या भट्टीत 220 अंशांवर दहा-पंधरा मिनिटे तापू द्याव्या. मग चटकन पीठ अर्ध्या वाटीपर्यंत ओतावे आणि वीस-पंचवीस मिनिटे दाराला हात लावू नये. तिकडे गोमांसाची चरबी वापरण्याची चाल आहे. आपल्याला साधे तेल पुरे. मांसाच्या रसाऐवजी आम्ही कांद्याचा दाट रस्सा ओतला. अंडे न खाणाऱ्या भगिनींना मात्र खोटे सांगणार नाही, अंड्यावाचून हे फुगत नाही. त्यांनी गुजराती शेजारणीकडून हांडवो शिकावा. डाळ-तांदळाचे आंबवलेले पीठ, दुधी आणि तिळाची फोडणी. तेही खारे, तेही भाजलेलेच.

शेवटी धिराची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी पाककृतींची पुस्तिका निघाली होती. तीत माझ्या सासूबाईंची सांदणाची कृती मापासकट छापली होती. खाली लिहिले होते, ‘एक गृहिणी’. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी ते पान दोनदा पाहिले, “असू दे गो,” म्हणाल्या आणि पुस्तिका फळीवर ठेवून दिली. मी काही बोलले नाही. बोलायला हवे होते, असे ग्लासबाईंची हकीगत ऐकताना वाटले. त्यांना साधी भाषा पुरली, मग मला सातवी का पुरू नये?

आपल्याकडे 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी हजार पाकक्रियांचे पुस्तक स्वतःच्या नावाने काढले, 1970 साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. म्हणजे वाट पडलेली आहे. आपल्या मंडळाची पाककृतींची एक वही आहे. पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने एवढेच करावे की, तीत प्रत्येक कृतीखाली ती करणारीचे पूर्ण नाव लिहावे; जी गेली तिचेही. सांदणाच्या पानावर सासूबाईंचे नाव मी कालच लिहून आले. आणि या लेखाखाली माझे नाव घालावे, अशी संपादिकाबाईंना नम्र विनंती.