मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ, १९०१

अमेरिकेतील ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा अजिंक्य हंगाम. संघाने अकराही सामने जिंकले. स्वतः ५५० गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही करू दिला नाही. वेस्टर्न कॉन्फरन्सचे विजेतेपद त्याला विस्कॉन्सिनबरोबर विभागून मिळाले, कारण तोही संघ अपराजित होता आणि दोघांची गाठ पडली नाही. राष्ट्रीय विजेता ठरवणारी स्पर्धा तेव्हा नव्हती. हेल्म्ससारख्या संस्थांनी हा मान मिशिगनला दिला तो बऱ्याच वर्षांनी. काहींनी हार्वर्डचे नाव घेतले.

प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचे मिशिगनमधील हे पहिलेच वर्ष. आदल्या वर्षी ते स्टॅनफर्डला होते. कॅलिफोर्नियातच हेरलेला विली हेस्टन त्यांच्यामागोमाग ॲन आर्बरला आला आणि हाफबॅक म्हणून गाजला. योस्ट यांचा सारा भर वेगावर. समोरचे खेळाडू ढिगाऱ्यातून उठून अंग झटकत असतानाच क्वार्टरबॅक हॅरिसन वीक्स पुढच्या चालीचे आकडे पुकारू लागे.

त्या काळचा खेळ आजच्याहून वेगळा होता. टचडाउनला ५ गुण मिळत. चेंडू पुढे फेकायला बंदी होती. ती उठली १९०६ मध्ये. तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे सरकावे लागे. चढाई आणि बचाव तेच अकरा जण करत आणि बाहेर गेलेल्याला सहसा परत येता येत नसे. हे ध्यानात घेतले की ५५० पेक्षा समोरच्या रकान्यातले शून्य अधिक थक्क करते. गुण करून दमलेल्या त्याच पायांनी दर वेळी बचावही केला होता.

कोलंबियाला हरवून आलेल्या बफलोचा १२८–० असा फडशा पडला. बेलॉइट ८९–०, शिकागो २२–०. सर्वांत कमी फरकाचा निकाल ओहायो स्टेटविरुद्ध लागला, तोही २१–०. ‘मिनिटाला एक गुण’ हे नाव या संघाला पडले ते अशा गुणसंख्यांमुळे.

१ जानेवारी १९०२ रोजी पॅसाडेना येथे गुलाबोत्सवानिमित्त स्टॅनफर्डशी सामना झाला. हाच पुढे पहिला रोझ बोल मानला गेला. मध्यंतराला मिशिगनची १७–० अशी आघाडी होती. नंतर स्टॅनफर्डचा धीर खचत गेला. मिशिगनने अखेरपर्यंत एकही बदली खेळाडू उतरवला नाही. नील स्नोने पाच टचडाउन केले. आठ मिनिटे उरली असताना स्टॅनफर्डचा कर्णधार राल्फ फिशर मिशिगनचा कर्णधार ह्यू व्हाइट याच्याकडे आला आणि त्याने खेळ थांबवण्याची विनंती केली. फलक ४९–० वरच राहिला.

मिशिगनची अपराजित मालिका ५६ सामने चालली आणि १९०५ मध्ये शिकागोने ती २–० अशी तोडली. पॅसाडेनाच्या आयोजकांनी मात्र एवढ्या एकतर्फी सामन्यानंतर फुटबॉलच सोडला आणि काही वर्षे रथांच्या शर्यती भरवल्या. उत्सवात फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये.